मनोरा मुंबईचा, कापूस वऱ्हाडचा

समुद्रकाठी वसलेल्या नगरांना उंच मनोऱ्याची आणि त्यावर बसविलेल्या घड्याळाची जी असोशी असते, तिचा उलगडा आम्हां यवतमाळकरांसारख्या पठारावरच्या माणसांना सहजासहजी होत नाही. ज्या नगराच्या दारात जहाजे लागतात आणि सुटतात, ज्याच्या गोदीतले काम भरती-ओहोटीने बांधलेले असते, आणि ज्याच्या पेढ्यांवर परदेशच्या भावाची वार्ता घटकाभर आधी पोचली की एखादा धनाढ्य होतो व घटकाभर उशिरा पोचली की त्याचे दिवाळे वाजते, त्या नगराला मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणे क्रमप्राप्तच असते. यवतमाळपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेपाचशे किलोमीटरांहून दूर आहे. आमच्याकडे वेळ ही कोणी उंचावर टांगून ठेवावी अशी वस्तू नव्हती. ज्याने त्याने आपापल्या अंगणात उभे राहून ती आकाशात पाहावयाची होती. आजही परगावच्या माणसाला खूण सांगताना आम्ही दत्त चौक सांगतो, आझाद मैदान सांगतो. आणि तरीही मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यासमोर उभे राहिले की मला नेहमी असे वाटते, या सबंध महानगरात वऱ्हाडच्या माणसाने आपला म्हणून मान वर करून पाहावे असे काही असेल तर ते हेच. कारण हा मनोरा दिसावयास दगडाचा असला तरी त्याचे मूळ भांडवल कापसाचे आहे.

मनोरा पाहावयाचा तर तो दुपार कलल्यावर, ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेवरून पाहावा. त्या वेळी ऊन समोरून त्याच्या अंगावर येते आणि कुर्ल्याच्या खाणीतला तो फिकट पिवळसर दगड, इतर वेळी पावसाळी काजळीने मळकट दिसणारा, एकाएकी उजळून निघतो. खाली मैदानात एकाच वेळी क्रिकेटचे आठदहा डाव चाललेले असतात, एकाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो, आणि त्या सगळ्या गलबल्यावर २८० फूट उंचीचा हा मनोरा दर पाव तासाने आपले टोले टाकीत असतो. पूर्वी या घंटांतून सोळा सुरावटी वाजत, त्यांत इंग्लंडच्या राष्ट्रगीताचीही एक होती. आता तो थाट राहिलेला नाही आणि राहिला नाही याचे दुःख करण्याचेही कारण नाही. ज्या काळी मनोरा उभा राहिला त्या काळी मैदानाच्या पश्चिमेला आजची घरांची रांग नव्हती. ती १९३० च्या दशकात, समुद्र मागे हटवून मिळविलेल्या जमिनीवर उठली. तोपर्यंत मैदान, रेल्वेचे रूळ आणि त्यापलीकडे बॅक बेचा उघडा समुद्र असा देखावा होता आणि मनोऱ्याची तबकडी थेट पाण्याकडे पाहत होती. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या दोन काळांच्या इमारतींना मिळून युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. वर चढून जाण्याची मात्र सामान्य माणसास मुभा नाही. १८९१ साली दोन पारशी तरुणी या मनोऱ्यावरून खाली पडून गतप्राण झाल्या आणि त्या प्रकरणाने सारी मुंबई हादरली; पुढेही आत्महत्यांचे प्रकार घडत गेले, आणि गोल जिन्याचे दार कायमचे बंद झाले. तेव्हा आपण मैदानातच उभे राहावे हे बरे. या मनोऱ्याचे सौंदर्य तसेही दुरूनच अधिक कळते.

मनोरा बांधविणारा पुरुष म्हणजे प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ चा, सुरतेचा. धंदा कापसाचा आणि समभागांचा. लिव्हरपूलच्या भावाची बातमी जहाज धक्क्यास लागण्यापूर्वीच हाती यावी म्हणून तो खोल समुद्रात आपल्या होड्या पाठवीत असे असे सांगतात, आणि त्याच्या उभ्या चरित्राकडे पाहता ते खोटे वाटत नाही. १८६४ मध्ये त्याने मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये देऊ केले; त्याच वर्षी पुन्हा दोन लक्ष देऊन, मोठे घड्याळ आणि घंटांचा संच असलेला एक मनोरा उभारावा व त्यास आपल्या मातोश्रींचे नाव द्यावे, अशी इच्छा कळविली. विद्यापीठ स्थापन होऊन त्या वेळी पुरती सात वर्षे झाली होती. राजाबाईंविषयी जी आख्यायिका आज प्रत्येक वाटाड्या पढवल्याप्रमाणे सांगतो, ती अशी की त्या दृष्टिहीन होत्या, जैन धर्माचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा त्यांचा नेम होता, आणि कोणाला न विचारता त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा बसविल्या. कथा गोड आहे. पण दान दिल्यापासून मनोरा पुरा होईपर्यंत चौदा वर्षे गेली, आणि सायंकाळच्या जेवणाची वेळ कळावी म्हणून कोणी चौदा वर्षे थांबत नाही. व्यापाऱ्याच्या मातृभक्तीला आणि कीर्तीच्या इच्छेला एकत्र नांदता येते, एवढे मानले म्हणजे पुरे.

आता हा पैसा आला कोठून, हे पाहावयाचे तर अमेरिकेत जावे लागते. १८६१ च्या एप्रिलमध्ये तेथे यादवी युद्धास तोंड लागले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस थांबला. गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमार होऊ लागली, आणि ज्या हिंदी कापसाला आखूड धाग्याचा व कचऱ्याचा म्हणून नाके मुरडण्यात येत होती त्यालाच सोन्याचा भाव आला. हा कापूस मुंबईच्या बंदरातून जाई, आणि मुंबईत तो गुजरात, खानदेश, धारवाड व वऱ्हाड या मुलखांतून येई. वऱ्हाडी कापसाला इंग्लंडच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणत. लिव्हरपूलच्या दलालाने अमरावती जन्मात पाहिली नसेल, परंतु तिचे नाव त्याच्या रोजच्या भावपत्रकात होते.

याचा अर्थ वऱ्हाडचा कापूस त्या वेळीच प्रथम मुंबईस गेला असा नव्हे. निजामाच्या अमलात तो बहुतांशी बंजाऱ्यांच्या तांड्यांवरून उत्तरेस, गंगेकाठच्या मिर्झापुरास जात असे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीने तो बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस धाडण्याचा मोठा प्रयत्न केला आणि पुढे खामगावास कापूस दाबण्याचे स्क्रू बसविले. सडका नव्हत्या, नद्यांवर पूल नव्हते. पावसाने गाठले तर वाटेतच माल भिजून कुजावयाचा, आणि ज्या बैलांच्या पाठीवर कापूस, त्यांच्याच मागच्या रांगेतल्या बैलांनी पुढच्यांच्या ओझ्यातून तोंड भरभरून कापूस ओढून खावयाचा, असा तो प्रवास होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले, १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोचली, आणि मग हा सारा ओघ एकदाचा पश्चिमेस वळला. पायनघाटातल्या काळ्या जमिनीत ‘बनी’ व ‘जरी’ या जातींचा कापूस पिकावा, अडत्याने तो मापावा, गाठ बांधून ती आगगाडीत चढवावी आणि तिचा भाव लिव्हरपुलात ठरावा, ही साखळी पुढे दीर्घकाळ तुटली नाही.

प्रेमचंदाच्या दानातला अमुक रुपया अमुक गावच्या कापसाचा, असे हिशेबाच्या वहीतून दाखविता येणार नाही हे मला ठाऊक आहे. किंबहुना त्या वेळच्या मुंबईत अर्धा पैसा कापसाचा होता आणि अर्धा नुसत्या कागदाचा. कापसाच्या नफ्यावर बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांतल्या बॅक बेच्या कंपनीचा पाच हजारांचा समभाग पन्नास हजारांवर गेला. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेत दक्षिणेने शस्त्र खाली ठेवल्याची वार्ता आली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी, म्हणजे वायद्यांची मुदत भरण्याच्या दिवशी, मुंबईतल्या भल्याभल्यांची दिवाळी वाजली. प्रेमचंदही त्यांतच होता. पण विद्यापीठाला दिलेले दान दिलेलेच राहिले. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली, १८७८ च्या नोव्हेंबरात काम पुरे झाले, आणि एकंदर खर्च साडेपाच लक्षांच्या घरात गेला. कागदी संपत्तीच्या त्या वावटळीतून जी थोडी भरीव वस्तू हाती उरली, तीत हा मनोरा आहे. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा. त्याने हिंदुस्थानात पाऊल टाकले नाही, आणि मनोऱ्याचा घाट लंडनच्या बिग बेनवरून घेतला असे म्हणतात. परंतु भिंतींवर ज्या मूर्ती आहेत त्या लंडनच्या नव्हेत. मुकुंद रामचंद्र नावाच्या एका मराठी अभियंत्याने पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातिजमातींच्या माणसांच्या त्या आकृती घडविल्या. ओव्हलवरून पाहताना दुर्बीण जवळ असेल तर पागोट्यांच्या बांधणीतला फरकसुद्धा दिसतो. इंग्लंडातल्या गॉथिक देवळांवर जेथे संतमहंत उभे असावयाचे, तेथे येथे आमच्या बाजारपेठेत भेटणारी मंडळी उभी आहेत, आणि स्कॉटसाहेबाच्या कल्पनेपेक्षा मला मुकुंद रामचंद्रांची ही योजना अधिक रसिक वाटते.

आता घाट चढून यवतमाळकडे येऊ. १८६४ मध्ये पूर्व वऱ्हाडातून यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून एक नवा जिल्हा करण्यात आला. त्यास पुढे वणीचे नाव मिळाले, आणि १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडून त्याचा आजचा यवतमाळ जिल्हा झाला. कापसाचे खरे कोठार म्हणजे खालचा पायनघाट. आमचा मुलूख बालाघाटातला, डोंगराचा, रानाचा. येथे पडीक जमीन इतकी होती की १८६५ च्या नियमांन्वये ती इजाऱ्याने देऊन नवी गावे वसवावी लागली, आणि आजही अनेक गावांच्या नावापुढे ‘इजारा’ हा शब्द सरकारी दप्तरातून लोकांच्या तोंडी येऊन बसलेला आहे. तेव्हा १८६१ ते ६५ च्या त्या सुवर्णवर्षावाचे शिंतोडे आमच्या अंगावर उडाले असतील, एवढेच. कापसाची खरी सत्ता आमच्यावर आली ती त्यानंतर, शतक संपत येताना, आणि तिच्याबरोबर घड्याळ आले.

तोपर्यंत वेळ कशी मोजीत? कोंबडा आरवला, झुंजूमुंजू झाले, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, उन्हे डोक्यावर आली, गुरे परतली, दिवेलागण झाली, अशी ती दिवसाची मोजदाद. रात्री तिकांडे माथ्यावर आले की बैल जुंपावयाचे, आणि शुक्राची चांदणी उगवेपर्यंत पुढचा मुक्काम गाठावयाचा, हे धामणगावच्या बाजाराला गाड्या नेणाऱ्या गाडीवानाचे वेळापत्रक. कापूस वेचण्याच्या दिवसांत बाया सकाळचे दव सुकण्याची वाट पाहत बसत, कारण ओला वेचलेला कापूस पिवळा पडतो. ज्या दिवशी पहिली वेचणी त्या दिवशी शेतात सीतादही करावयाचे, दहीभाताचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि मगच ओटीत बोंडे पडावयाची. येथे घाईला जागा नव्हती, पण आळसालाही नव्हती. दव सुकण्याची वेळ रोज निराळी असते आणि ती चुकवून चालत नाही.

जेथे पळापळाची गरज होती तेथे साधनही होते. लग्नमंडपात तांब्याचे घंगाळ पाण्याने भरून ठेवीत, त्यावर घटिकापात्र, म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची हलकी वाटी, सूर्योदयास वा सूर्यास्तास तरंगत सोडीत. छिद्रातून पाणी आत चढत जाई आणि चोवीस मिनिटांनी वाटी भरून एकदम तळाशी जाई. ती एक घटका. अशा साठ घटकांची अहोरात्र. वाटी बुडताच जोशी ती उचलून, पुसून पुन्हा सोडी आणि भिंतीवर कुंकवाचे एक बोट ओढी, म्हणजे मोजणी चुकू नये. या साऱ्या विधीत एक अवघड गोष्ट होती, ती म्हणजे कोणीतरी एकाने तिथून हलावयाचे नाही. मांडवभर गोंधळ चाललेला असताना एका म्हाताऱ्याने पाण्यात बुडणाऱ्या वाटीकडे डोळे लावून बसावयाचे. त्याच्यावर वऱ्हाडी मंडळींपैकी कोणाचा विश्वास नसे असे होत नसे, कारण पडताळून पाहण्यास दुसरे घड्याळच नव्हते.

इंग्रजी अमलात कचेरी आली आणि कचेरीबरोबर टोले आले. जिल्ह्याच्या ठाण्यात खजिन्यावर किंवा तुरुंगावर जो सशस्त्र पहारा असे, त्यातल्या शिपायाने दर तासाला टांगलेल्या काशाच्या थाळीवर हातोड्याने ठोके द्यावयाचे, हा सबंध हिंदुस्थानातला रिवाज होता. त्याचा मूळ हेतू गावाला वेळ सांगणे हा नव्हता. पहारेकरी जागा आहे याची साहेबाला खात्री पटावी, हा होता. पण गावाने तो टोला आपलासा केला. तारखेस आलेला पक्षकार, मुदतीच्या आत महसुलाचा हप्ता भरावयास आलेला पाटील, दप्तर बगलेत मारून उभा असलेला पटवारी, यांना आता दिवस कासराभर वर आला एवढ्यावर भागत नव्हते. दहाच्या ठोक्यास पुकारा झाला आणि आसामी हजर नसला तर मुकदमा एकतर्फी जावयाचा. शेतकऱ्याला घड्याळाची पहिली दहशत बसली ती कचेरीच्या व्हरांड्यात.

मग प्रश्न उरला तो असा, की दहा म्हणजे कोणाचे दहा? यवतमाळचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे एकवीस मिनिटे आधी उगवतो, मद्रासच्या सूर्यापेक्षा साडेआठ मिनिटे मागून. रेल्वेने साऱ्या हिंदुस्थानासाठी मद्रासची वेळ स्वीकारली होती, कारण मद्रासला वेधशाळा होती, तेथून तारायंत्राने रोज वेळ कळविणे सोपे होते, आणि मद्रास हे कलकत्ता व मुंबई यांच्या साधारण मधे पडते. धामणगावच्या स्टेशनावर जे घड्याळ होते ते आमच्या आकाशाशी फारसे भांडत नव्हते. साडेआठ मिनिटांनी कापसाच्या गाड्यांचे काही बिघडत नाही. मुंबईत मात्र हेच अंतर अर्ध्या तासाचे. १८८१ च्या अखेरीस गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन याने सरकारी कचेऱ्यांतून मद्रासची वेळ पाळावी असा हुकूम सोडला आणि नगर संतापले. विद्यापीठाने राजाबाई मनोऱ्याचे घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवण्याचे ठरविले. त्यावर सरकारने बजावले की, मद्रासची वेळ दाखविणार नसाल तर रात्री तबकडी उजळण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून मिळणार नाही. सार्वभौम सत्तेने दिव्याच्या तेलावरून असा रुसवा धरावा, हा प्रकार मला नेहमीच मोठा बोधप्रद वाटला आहे. १८८३ मध्ये सरकारलाच आपला हुकूम मागे घ्यावा लागला.

दुसरा प्रयत्न अधिक पक्का होता. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरची प्रमाणवेळ साऱ्या देशास लागू झाली. मुंबईची वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे. त्याच महिन्यात गिरणीकामगारांनी या नव्या घड्याळाविरुद्ध काम बंद पाडले, सभा झाल्या, अर्जांवर हजारो सह्या झाल्या, आणि नगरपालिकेने आपली जुनी वेळ सोडण्याचे नाकारले. कामगारांचा आक्षेप हट्टाचा नव्हता. घड्याळ एकोणचाळीस मिनिटे पुढे सरकले म्हणजे गिरणीचे दार तितके आधी उघडावयाचे, आणि हिवाळ्यात चाळीतल्या अंधारात चूल पेटवून निघावयाचे. संध्याकाळी तितके लवकर सुटू याची हमी कोणी देत नव्हते. यवतमाळला हा फरक साडेसतरा मिनिटांचा, आणि तो बदल आमच्याकडे गाजल्याचे मला कोठे आढळले नाही. ज्याच्या घरात घड्याळच नाही त्याची वेळ कोण बदलणार? मुंबईने आपली वेळ १९५५ मध्ये सोडली, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. मुंबई आमची राजधानी झाली तेव्हा तिचे आणि आमचे घड्याळ नुकतेच जुळले होते.

तथापि गावाला घड्याळ शिकविले ते कचेरीनेही नव्हे आणि रेल्वेनेही नव्हे. ते जिनाने शिकविले. कापसातून सरकी काढणारे रेचे पूर्वी घरोघर हातांनी चालत. वाफेचे रेचे आले, पत्र्याच्या लांबच लांब छपराखाली त्यांच्या रांगा बसल्या, त्यांच्या शेजारी गाठी बांधण्याचे प्रेस आले, आणि दिवाळी उलटली की पहाटे भोंगा होऊ लागला. जिनात रेच्यावर कापूस घालण्याचे काम मुख्यतः बायांचे. समोर कापसाचा ढीग, हातांच्या ओंजळीने तो सारखा फिरत्या रुळावर पसरीत राहावयाचे, मागे रुई पडते, खाली सरकी पडते, आणि हवेत कापसाच्या तंतूंचा इतका धुरळा असतो की भुवया पांढऱ्या होतात आणि पदर नाकातोंडाशी घट्ट बांधल्यावाचून श्वास घेता येत नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा. मालकाला त्या अवधीत सगळा माल उरकावयाचा असे. मुंबई सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या कारखाना आयोगापुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या, त्यांतून असे उघड झाले की पहाटे चारपाचला सुरू झालेले काम रात्री नऊदहापर्यंत चाले, आणि घाईच्या दिवसांत तीच माणसे, बायकांसुद्धा, ओळीने सात-आठ दिवस रात्रंदिवस कामावर ठेवण्यात येत. ही साक्ष खानदेशची आहे, वऱ्हाडची नव्हे. पण कापूस तोच होता, हंगाम तोच होता, आणि घाई करणारा खरेदीदारही तोच होता. राजाबाई मनोऱ्यावरचे घड्याळ सर्वांना दिसते, कोणालाही आपले मनगट त्याच्याशी ताडून पाहता येते. भोंग्याचे तसे नाही. तो मालकाच्या खिशातल्या घड्याळाप्रमाणे होतो आणि ते घड्याळ मजुराने पाहावयाचे नसते. समुद्रकाठी कापसाने बांधलेला मनोरा आणि आमच्या गावात कापसाने वाजविलेला भोंगा यांच्यात जो फरक आहे, तो नगर आणि मुलूख यांच्यातला फरक आहे असे मी समजतो.

जिनांमागोमाग आगगाडी आली. किलिक-निक्सन या विलायती पेढीने मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा, लाडखेड असे करीत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटरांचा अडीच फुटी रूळमार्ग घातला, तो अर्थात आमच्या प्रवासाच्या सोयीसाठी नव्हे, तर गाठी मुख्य मार्गावर आणि तेथून मुंबईच्या गोदीत नेण्यासाठी. लोकांनी तिला शकुंतला म्हटले. १९५१ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हाही हा मार्ग खासगी कंपनीचाच राहिला, आणि १९२१ मध्ये मँचेस्टरला घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत चालत होते. वक्तशीरपणा शिकवावा म्हणून आलेल्या या गाडीने आम्हांला नेमका उलटा धडा दिला. उतारू मधल्या स्टेशनावर उतरून चहा पिऊन पुन्हा चढत, गार्ड ओळखीच्या म्हाताऱ्यासाठी झेंडी दाखविण्याचे लांबवी, आणि भोंग्याने करकचून बांधलेल्या गावात ती एक ढिली जागा होती. आता ती गाडी बंद आहे. जिनांचे भोंगेही बहुतेक ठिकाणी मुके झाले, कारण वीज आली आणि वाफेची शिटी गेली.

राजाबाई मनोऱ्याची २०१५ पर्यंत मोठी डागडुजी झाली, रंगीत काचा उतरवून, धुऊन, सांधून पुन्हा बसविल्या गेल्या, आणि घड्याळ चालू आहे. त्याच्याकडे पाहून आता कोणी आपले घड्याळ लावीत नाही. प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्राला वेळ परभारे कळते, आणि ती दत्त चौकातही तीच आणि ओव्हलवरही तीच. जुनी स्थानिक वेळ शिल्लक आहे ती एकाच ठिकाणी, पंचांगात. मुंबईसाठी काढलेल्या लग्नमुहूर्ताची वेळ यवतमाळच्या मांडवात जशीच्या तशी चालत नाही, तीतून रेखांशाच्या फरकाची सुमारे एकवीस मिनिटे वजा करावी लागतात. आमच्याकडचे जुने जोशी हा संस्कार अजूनही तोंडी करतात, पत्रिकेवर त्याप्रमाणे वेळ छापली जाते, आणि मुलाकडची मंडळी वरातीतून दीड तास उशिरा येतात.